ग्लेंडा सग्डन आणि कुणाचाच नसलेला रस्ता

ग्लेंडा सग्डनने अठ्ठावीस वर्षं आमच्या गावची बस चालवली, आणि अठ्ठावीसही वर्षं ती बस चालवताना बोलत राहिली. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती. कुणी तिकडे बोट दाखवलं तर ती म्हणे, "प्रवाशांनी ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलंय, राजा. ड्रायव्हरने प्रवाशांशी बोलू नये असं कुठे लिहिलंय?"

सगळे तिचे 'राजा' होते. दूधवाला, पोलीस, एकदा चुकून तिच्या बसमध्ये चढलेले बिशपसुद्धा. बिशपना सुटे पैसे सापडेनात, तेव्हा "राहू दे राजा, वरच्याकडे शब्द टाक," असं म्हणून तिने त्यांना पुढे बसवलं होतं. बिशप तीन स्टॉप हसत होते.

तिच्या बसचा शेवटचा स्टॉप आमच्या टेंटर लेनच्या तोंडाशी. तिथे बस अकरा मिनिटं उभी राहायची. ग्लेंडा फ्लास्क घेऊन खाली उतरायची, चहा प्यायची आणि आमच्या रस्त्याकडे वर बघत राहायची. मी तेव्हा शिक्षिका होते आणि त्याच वेळी शाळेतून परत येत असे.

"मिस," ती मला म्हणायची, "अख्ख्या यॉर्कशरच्या रस्त्यांवरनं गाडी नेलीय मी. पण असा कोंबड्यांनी उकरलेला रस्ता दुसरा नाही हो."

तिची मुलगी जॅनिस माझ्या वर्गात होती, म्हणून मी 'मिस'. जॅनिसला आता स्वतःची दोन मुलं आहेत आणि मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मी मिसच आहे.

आमचा रस्ता तिने सांगितला तसाच आहे, हे मान्य करायला हवं. कौन्सिलचं डांबर आमच्या तोंडाशी येऊन कात्रीने कापल्यासारखं संपतं. पुढे अकरा घरं, खडी, खड्डे, दोन्ही बाजूंना दगडी भिंत, आणि अगदी वर टोकाला क्रॉदर यांचं शेत. कचऱ्याची गाडी वर येत नाही. आम्हीच डबे ढकलत खाली नेतो. टॅक्सीवाले पहिल्या खड्ड्यापर्यंत येतात आणि "इथनं चालत जाणार ना?" असं प्रेमाने विचारतात. कौन्सिलने आम्हाला तीनदा पत्र पाठवलं, की कडेचे दगड, गटारं आणि दिवे तुमच्या खर्चाने करा, मग रस्ता आम्ही ताब्यात घेऊ. तिन्ही वेळा आमची बैठक झाली, चहा झाला, आणि एकमताने नको ठरलं. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या जोरात येतील, आणि मग भिंतीला टेकून गप्पा मारायच्या कुठे? त्यापेक्षा मार्च महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी फावडी घेऊन बाहेर पडायचं आणि खड्डे बुजवायचे, हे आम्हाला बरं वाटतं. कोण आलं, कुठला खड्डा बुजवला, किती खडी लागली, याची वही मी ठेवते. शाळेची सवय.

सात नंबरचं घर क्लिफर्ड हार्टली यांचं. ठेंगणं, मधल्या वळणावरचं, मागे ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा वाफा असलेलं. क्लिफर्ड गिरणीत हिशेबनीस होते. कोट घातल्याशिवाय ते कचऱ्याचा डबासुद्धा खाली नेत नसत. त्यांची बायको थेल्मा गेल्या उन्हाळ्यात वारली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकटं राहणं जमेना, म्हणून फाइली या समुद्रकाठच्या गावी मुलीकडे जायचं त्यांनी ठरवलं आणि घर विकायला काढलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडा माझ्या दारात.

"मिस, सात नंबर विकताहेत, खरं का?"

"खरं. तुला कशाला?"

"मला कशाला म्हणजे? माणसं घर कशाला घेतात? चौथ्या मजल्यावर जन्म गेला माझा. दार उघडलं की लिफ्ट. एकदा कुंडीत बटाटे लावले, तर खालच्या बाईने तक्रार केली, पाणी ठिबकतंय म्हणून. आता नोकरी संपली, थोडी शिल्लक आहे, थोडं कर्ज काढीन. दार उघडलं की माती दिसली पाहिजे मला."

"अगं पण रस्ता कोंबड्यांनी उकरलेला आहे ना?"

"तो बाहेर आहे. घर आत आहे."

क्लिफर्डना ती पसंत पडली. घर बघायला आली तेव्हा तिने स्वयंपाकघर, छप्पर, नळ यातलं काहीच आधी बघितलं नाही. सरळ मागे गेली आणि ऱ्हुबार्बपाशी वाकून म्हणाली, "याला शेण कधी घालता?" क्लिफर्डनी मला नंतर सांगितलं, "थेल्माला आवडली असती. जरा मोठ्याने बोलते, पण थेल्माला आवडली असती."

भाव ठरला. आणि मग बँकेचं पत्र आलं.

कर्ज देणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. रस्ता कौन्सिलचा नाही, मग कुणाचा आहे? या घरात राहणाऱ्याला त्यावरून गाडी न्यायचा हक्क आहे याचा कागद दाखवा. कागद नाही तर कर्ज नाही. ग्लेंडा एकसष्ट वर्षांची. त्या वयाला कर्ज द्यायला हीच एक बँक तयार झाली होती, आणि तिचा शब्द मार्चअखेरपर्यंतच होता. शिवाय क्लिफर्डच्या मुलीने दुसरं गिऱ्हाईक धरून ठेवलं होतं. एक बिल्डर होता. तो रोख देणार होता, त्याला बँकही नको होती आणि कागदही नको होता. ऱ्हुबार्बच्या जागी तो दोन गाड्यांची शेड बांधणार होता.

"बाबांनी तुम्हाला शब्द दिलाय," मुलगी ग्लेंडाला फोनवर म्हणाली, "पण तीन आठवडे. त्यापुढे मी त्यांना तिथे एकट्याला ठेवणार नाही."

टेंटर लेनवर कुणाकडेही कसला कागद निघाला नाही. आम्ही सगळ्यांनी पेट्या उपसल्या. मला माझ्या पेटीत जॅनिसची तिसरीतली निबंधाची वही सापडली. रस्त्याबद्दल एक ओळ नाही.

ग्लेंडाची वकील मिस ऑगडेन म्हणून एक तरुण मुलगी होती. शांत, नेटकी, टेबलावर तीन पेन्सिली एका रेषेत ठेवणारी. तिने आम्हाला बोलावलं. माझ्या गाडीतून मी ग्लेंडा आणि क्लिफर्ड दोघांना घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले.

"काळजीचं कारण नाही," मिस ऑगडेन म्हणाली. "कागद नसला तरी वहिवाट असते. एखाद्या घरची माणसं वीस वर्षांहून जास्त काळ एखाद्या रस्त्याने उघडपणे, भांडणतंटा न करता आणि कुणाची परवानगी न घेता गेली, तर त्या घराला हक्क मिळतो. मिस्टर हार्टली, तुम्ही एवढंच शपथेवर लिहून द्या."

"शहात्तर सालापासून जातोय," क्लिफर्ड म्हणाले. "उघडपणे. भांडण कधीच नाही."

"छान. आणि परवानगी न घेता."

"परवानगी न घेता?" क्लिफर्ड खुर्चीत ताठ झाले. "मी काय गुंड आहे?"

मिस ऑगडेनची पेन्सिल थांबली. "म्हणजे?"

"घर घेतलं त्या आठवड्यात मी वर शेतावर गेलो. टोपी काढून म्हातारबा क्रॉदरना विचारलं, तुमच्या रस्त्याने गाडी वर आणली तर चालेल का. ते म्हणाले, 'आणा की.' सभ्य माणूस विचारतो, मिस ऑगडेन."

"हे... एकदाच विचारलंत?"

"विचारलं एकदाच. पण आभार दरवर्षी मानले. थेल्मा दर नाताळात त्यांच्यासाठी केक करायची. चांगला ब्रँडी घालून, महिनाभर मुरवलेला. मी स्वतः नेऊन द्यायचो. म्हातारबा गेले, मग त्यांच्या मुलाला. गेल्या नाताळातही नेला. अडतीस केक झाले."

मिस ऑगडेनने पेन्सिल खाली ठेवली, बाकीच्या दोन पेन्सिलींच्या रेषेत. "मिस्टर हार्टली, परवानगी मागितली की ती मालकाची मेहरबानी होते. मेहरबानीचा हक्क बनत नाही. केक म्हणजे तर दरवर्षी नव्याने दिलेली कबुली."

"म्हणजे मी उद्धटपणे वागलो असतो तर बरं झालं असतं?"

"कायद्याच्या दृष्टीने," ती बिचारी लाल होत म्हणाली, "हो."

ग्लेंडा इतका वेळ गप्प होती, हीच मोठी गोष्ट. आता तिला राहवलं नाही. "अहो क्लिफर्ड, केकचं कशाला सांगितलंत? मी माझ्या बसचा सायलेन्सर पडला होता ते तरी कुणाला सांगितलं का?"

"मी चॅपलला जाणारा माणूस आहे," क्लिफर्ड म्हणाले. "शपथेवर खोटं बोलणार नाही. तुमच्यासाठीही नाही, मिसेस सग्डन. वाईट वाटतं, पण नाही."

ग्लेंडाने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी वाकडं बोलणार. पण ती म्हणाली, "नकाच बोलू. खोट्यावर घेतलेल्या घरात मला झोप नाही यायची. आधीच मी घोरते." मग वकीलबाईकडे वळून, "बरं राजा, आता दुसरा रस्ता सांग."

दुसरा उपाय एकच होता. रस्ता क्रॉदर यांचा असेल तर त्यांनीच लिहून द्यावं, की सात नंबरच्या घराला कायमचा हक्क दिला.

मी गाडी घराकडे वळवली. मला स्वतःलाही अपराध्यासारखं वाटत होतं. मी लेनवर राहायला आले तेव्हा क्लिफर्डनीच मला बजावलं होतं, क्रॉदरना सांभाळून राहा, रस्ता त्यांच्या मर्जीवर आहे. तेव्हापासून मीही दरवर्षी मुरंब्याची बाटली वर नेत होते. पाच नंबरवाले लोणचं नेत. नऊ नंबरची बाई लोकरीचे मोजे विणून देई. अकराच्या अकरा घरांनी आपापला हक्क अशा रीतीने स्वतःच्या हाताने बुडवला होता, आणि वर प्रत्येकाला आपण किती चांगले शेजारी आहोत याचा अभिमान होता.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं वर चढलो. क्लिफर्डनी कोट, टाय आणि टोपी घातली होती. वाटेत ते दोनदा थांबले. एकदा दम लागला म्हणून, आणि एकदा "मला हे मागताना लाज वाटते" असं सांगायला.

"तुम्ही नका मागू," ग्लेंडा म्हणाली. "तुम्ही फक्त टोपी काढा. मागायचं मी बघते."

आर्नल्ड क्रॉदर मेंढ्यांच्या गोठ्यात होते. बहात्तर वर्षांचे, बापासारखेच रुंद आणि बापासारखेच अबोल. एका मेंढीला पायात धरून ते तिचा खूर तपासत होते. आम्हाला पाहून त्यांनी मान हलवली. मेंढी सोडली नाही.

ग्लेंडाने सगळं सांगितलं. घर, बँक, बिल्डर, मार्चअखेर. तिला जेमतेम दोन मिनिटं लागली. बसच्या अकरा मिनिटांत ती गावाच्या सात घरांची हकिगत सांगू शकायची. शेवटी म्हणाली, "तेव्हा एवढं एक लिहून द्या, की तुमच्या रस्त्याने सात नंबरला कायम जाता येईल."

आर्नल्डनी मेंढीचा दुसरा खूर उचलला. "माझ्या कुठल्या रस्त्याने?"

"टेंटर लेननं."

"ती कुठे माझी आहे?"

क्लिफर्डची टोपी हातातच राहिली.

"आमची हद्द वरच्या फाटकापाशी संपते," आर्नल्ड म्हणाले. "नकाशात आहे. आमची ये-जा मागनं, टेकडीवरनं. लेन गिरणीवाल्यांनी केली, मुकादमांच्या घरांसाठी. गिरणी गेली, कंपनी गेली. नंतर कुणाची झाली, मला नाही ठाऊक. आमची कधीच नव्हती."

"पण मी तुमच्या वडिलांना विचारलं होतं," क्लिफर्ड म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "गाडी वर आणू का म्हणून. ते 'आणा की' म्हणाले."

"म्हणाले असतील. त्यांना काय? त्यांच्या बापाची थोडीच होती."

"मग केक?"

पहिल्यांदाच आर्नल्डनी मेंढी सोडली. ती उडी मारून पळाली. "ते मांजराबद्दल ना?"

"कुठल्या मांजराबद्दल?"

"तुम्ही नवीन राहायला आलात तेव्हा तुमचं मांजर आमच्या अॅशच्या झाडावर चढलं होतं. बापाने शिडी लावून उतरवलं. त्या नाताळात तुम्ही केक आणलात. पुढच्या नाताळात परत आणलात. आई म्हणायची, या माणसांचा मांजरावर भारीच जीव दिसतोय. मांजर मेलं तरी केक येतच राहिला. मग विचारायलाही अवघड वाटायला लागलं."

"आणि माझा मुरंबा?" मी विचारलं.

"तुमचा मुरंबा कशाबद्दल ते मला आजवर कळलेलं नाही, मिस. पण नाताळात आलेली वस्तू परत कोण करतं?" ते थोडं थांबले आणि क्लिफर्डकडे न बघता म्हणाले, "गेल्या वर्षीचा केक दुकानातला होता. मी काही बोललो नाही. थेल्माबाई गेल्याचं ठाऊक होतं."

क्लिफर्ड गोठ्याच्या फळीवर बसले. आधी मला वाटलं, त्यांना घेरी आली. मग खांदे हलताना दिसले. ते हसत होते. छत्तीस वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली त्या दिवसापासून हार्टली हसत नाहीत, असं मी ऐकलं होतं. खोटं होतं ते. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला ते टोपीच वापरत होते. "मांजर!" ते म्हणत होते. "ते आमचं नव्हतंच हो! आम्ही कधी मांजर पाळलंच नाही!"

यावर आर्नल्ड क्रॉदरही हसले. त्यांच्या कुत्र्यानेसुद्धा असं काही पूर्वी पाहिलं नसावं. ते भुंकायला लागलं.

फक्त ग्लेंडा हसत नव्हती. "हसा, हसा," ती म्हणाली. "म्हणजे आता सही करायलाही कुणी उरलं नाही. मालकच नाही तर मी मागू कुणापाशी?"

खाली येताच तिने मिस ऑगडेनला घरी फोन लावला. शनिवार असूनही तिने उचलला. ग्लेंडा बोलत होती, मी आणि क्लिफर्ड तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "नाही, त्यांचा नाही... नकाशात आहे... हो, मांजराबद्दल." मग ती बराच वेळ ऐकत राहिली, जे मी कधी पाहिलं नव्हतं. फोन ठेवून तिने क्लिफर्डचे दोन्ही गाल धरले.

"ती म्हणते, ज्याचा रस्ताच नाही त्याची परवानगी म्हणजे परवानगीच नव्हे! खऱ्या मालकाला तुम्ही कधी विचारलंत का?"

"तो कोण हेच मला ठाऊक नव्हतं."

"मग झालं! कुणाला न विचारता, अडतीस वर्षं. आहात की नाही तुम्ही गुंड?"

"मिसेस सग्डन, माझे गाल," क्लिफर्ड म्हणाले.

सोमवारी ते शपथेचा कागद करायला बसले. मिस ऑगडेनने सुटसुटीत पाच कलमं लिहून ठेवली होती. क्लिफर्डनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात केक नाही."

"त्याची आता गरज नाही, मिस्टर हार्टली."

"खरं सगळं सांगायचं ही शपथ आहे ना? मग केक पाहिजे."

मिस ऑगडेनने ग्लेंडाकडे पाहिलं. ग्लेंडा म्हणाली, "घाल बाई. नाही तर उद्या फाइलीहून परत येतील सांगायला." तेव्हा सहावं कलम आलं. ते मला पाठ आहे: 'मी दरवर्षी नाताळात वरच्या शेतावर एक केक देत असे. सदर शेताच्या मालकांचा या रस्त्याशी काही संबंध नव्हता, हे मला नंतर कळले. मांजर माझे नव्हते.' शेवटचं वाक्य क्लिफर्डनी हट्टाने घालायला लावलं. आर्नल्ड क्रॉदरनी नकाशाची नक्कल पाठवून दिली. रस्त्याची देखभाल कोण करतं याचा पुरावा म्हणून माझी खड्ड्यांची वही गेली; मिस ऑगडेनने ती कौतुकाने चाळली आणि एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूकही दाखवली. माझीच होती.

बँकेचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ग्लेंडा इतकी कमी बोलली की जॅनिसने तिला डॉक्टरकडे नेलं. दहाव्या दिवशी, मार्च संपायला पाच दिवस असताना, होकार आला. बँकेच्या माणसाने खाली हाताने एक ओळ लिहिली होती, की सहावं कलम आमच्या कचेरीत सर्वांनी वाचलं.

क्लिफर्ड निघाले त्या सकाळी मुलगी गाडीत बसून घाई करत होती आणि ते ग्लेंडाला घेऊन घराबाहेर रस्त्यावर उभे होते. घरातलं काही त्यांनी दाखवलं नाही. गेटसमोरचा रस्ता काठीने दाखवत होते. पाणी इथून उतरतं, तिथे साचतं. भिंतीखालचं हे भोक पानांनी भरतं, ते ऑक्टोबरात मोकळं करायचं, नाही तर आठ नंबरच्या दारात तळं होतं आणि आठ नंबरवाले बोलत नाहीत, नुसते बघतात. प्रत्येकाने आपल्या भिंतीपुरता, रस्त्याच्या मध्यापर्यंत सांभाळायचा. "खडी मोठी घालू नका," ते म्हणाले. "आधी ठेचून घ्या. घाई केली तर पहिल्या थंडीत उखडते."

"बरं," ग्लेंडा म्हणाली. तिने 'राजा' म्हटलं नाही. ते गाडीत बसताना मात्र तिने त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि त्यांनी ती करू दिली.

गाडी वळणाआड गेली. ग्लेंडाने किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे आली. "मिस, फावडं आहे का?"

"अगं, घरात तरी जा आधी. सामान खोक्यांत पडलंय."

"सामान कुठे पळतंय? खड्ड्यात पाणी आहे, बघा ना."

मी फावडं आणि बादली दिली, आणि जुना कोट अंगावर घालून तिच्या मदतीला गेले. आम्ही पाणी उपसलं, खडी ठेचली. तिच्या हातात जोर होता, पण रीत नव्हती. पहिली बादली तिने पार उलटी ओतली. तेवढ्यात पार्सलची गाडी खडखडत वर आली आणि आमच्यासमोर थांबली. ड्रायव्हरने काच खाली केली. नवीन होता, वैतागलेला होता.

"काय रस्ता आहे हा! कुणाचा आहे तरी कुणाचा?"

"कुणाचाच नाही, राजा," ग्लेंडा कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहत म्हणाली. "पण हा खड्डा माझा आहे. तेव्हा ओली खडी सोड, पलीकडून घे. हळू. आणखी हळू. हां."

त्याने गाडी भिंतीला लावून, अगदी अदबीने, पलीकडून काढली.